यामनाने झोपवलेली मुलं

यामना सुईणीबद्दल कुणी चांगलं बोललं की मला संशय येतो. तिने त्या बाईचं काहीतरी झाकलेलं असणार. वाईट बोलणारीचाही येतोच, कारण तिचं झाकायला यामनाने नकार दिलेला असणार. तिची भिंत आणि माझी भिंत एक आहे, तेव्हा मी सांगते ते ऐकीव नाही.

आमच्या गावचे पुरुष स्पेनमध्ये टोमॅटो खुडतात आणि आम्ही त्यांच्या फोनची वाट बघतो. नवरा लांब गेला, बाईच्या मनाला धक्का बसला, की पोटातलं मूल झोपी जातं. महिनोन् महिने झोपतं, मग कधीतरी जागं होऊन वाढायला लागतं. आजीपणजीपासून चालत आलेली गोष्ट आहे. मूल झोपलंय की नाही हे सांगायचा मान एकट्या सुईणीचा. यामनाने पोटावर हात ठेवून "झोपलंय" म्हटलं, की ते नवऱ्याचंच; सासऱ्याने काय, इमामानेही पुढे बोलायचं नाही. हे खरं असतं की खोटं, असं मी तिला कितीदा खोदून विचारलं. ती म्हणायची, "तुझं काही झोपलंय का? मग कशाला नसती चौकशी?"

मागच्या वसंतात उजदा शहरातून इल्हाम नावाची एक बाई आली. कुठल्याशा संस्थेची होती, आणि माझ्याच अंगणात तिने बायका जमवल्या. गर्भपाताचा कायदा बदलायला हवा म्हणाली. आज करणारीलाही तुरुंग, करवून घेणारीलाही. एक फट आहे, बाईच्या तब्येतीला धोका असला तर, पण तिथेही नवऱ्याची संमती लागते. तुम्हाला काय वाटतं, बोला, असं ती पुन्हापुन्हा म्हणत राहिली. आम्ही सगळ्या चिडीचूप. हिला पाठवलं कुणी? पोलिसांनी, की निवडणूकवाल्यांनी? एवढ्या लांबून फुकट कोण येतं? आणि जी आधी तोंड उघडेल तिच्याच पोटात काहीतरी आहे, असं बाकीच्या संध्याकाळपर्यंत गावभर करणार. मीही केलं असतं.

शेवटी यामनाच बोलली. कायदा म्हणजे सरकारी दार, तिथे आत शिरायच्या आधी नाव विचारतात, म्हणाली.

इल्हाम शांतपणे म्हणाली, "मावशी, मूल पोटात झोपत नाही. तुम्हालाही माहीत आहे."

"असेल माहीत," यामना म्हणाली. "पण माझं झोपलेलं मूल नवऱ्याची सही मागत नाही, पोरी."

बायका हसल्या. एक रहमा तेवढी हसली नाही, आणि तिथेच माझं लक्ष गेलं.

रहमा म्हणजे मीमूनाची सून. नवरा अल्लाल दोन उन्हाळे घरी आलेला नव्हता. सभा मोडल्यावर ती चहाचे पेले उचलायच्या निमित्ताने मागे राहिली आणि स्वयंपाकघरात इल्हामला गाठलं. मी दाराआड होते. माझं घर आहे, मी कुठेही उभी राहीन. दिवस गेलेत, मला नकोय, एवढंच रहमा बोलली. कुणाचं, ते तिने सांगितलं नाही. इल्हामचा चेहरा पडला. आम्ही भांडतोय, पण आज माझ्या हातात काही नाही, डॉक्टर घाबरतात, असं ती म्हणाली, आणि आपला नंबर देऊन गेली. तेव्हा कुठे मला पटलं की ती पोलिसांची नव्हती. पोलिसांच्या बाईने नक्की काहीतरी मदत करायचं कबूल केलं असतं.

मग रहमा यामनाकडे गेली. औषध मागितलं. यामनाने साफ नकार दिला. तरुणपणी तिने कण्हेरीच्या काढ्याने गेलेली एक पोरगी पाहिली होती, आणि तेव्हापासून तिच्या घरात कण्हेरीचं पानही येत नसे. रहमा रडली नाही, नुसतं "मला नकोय" म्हणत राहिली. भिंतीतून मला तेवढंच ऐकू येत होतं.

इकडे मीमूनाच्या डोक्यात किडा वळवळू लागला होता. सून बायकांबरोबर गावच्या हमामात अंघोळीला यायची बंद झाली होती, आणि हमामात न येणारी बाई काय लपवते हे आमच्याकडे शेंबड्या पोरीलाही कळतं. एका शुक्रवारी कुसकुसचं जेवण झाल्यावर मीमूनाने नणंदा, जावा, मी, अशा सगळ्यांना थांबवून घेतलं आणि यामनाला बोलावणं धाडलं. आज निकाल लागेल, नाहीतर हिचं गाठोडं माहेरी जाईल, असं तिने सर्वांदेखत सांगितलं. फोन हातात तयार, अल्लालला लावायला.

यामनाने रहमाच्या पोटावर हात ठेवला. डोळे मिटले. "झोपलं होतं. जागं झालंय."

मीमूना फणकारली. "दोन उन्हाळे? मला शिकवतेस? हल्ली कुठे मुलं झोपतात?"

यामनाने डोळे उघडले आणि अगदी मायेने म्हणाली, "तुमच्या घराण्यात झोपतात, मीमूना. तुझा अल्लाल नव्हता का झोपला, त्याचा बाप फ्रान्सला गेला तेव्हा? पोटावर हात माझाच होता."

कुणी कुणाकडे बघेना. मीमूनाने हातातल्या फोनकडे पाहिलं. मग तिने फोन लावला. "अल्लाल, बाळा, तुझं मूल जागं झालं." पलीकडून तो काय बोलला ते ऐकू आलं नाही. मीमूना मात्र उठली आणि सुनेच्या कपाळाचं चुंबन घेतलं. नणंदांनी आनंदाची किलकारी दिली, थोडी उशिराच.

मला यामनाचा अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू. गाठोडं माहेरी जायचं टळलं होतं. आम्ही दोघी निघालो तशी रहमा दारापर्यंत आली.

यामना तिच्या गालावर हात फिरवत म्हणाली, "सुटलीस बघ."

"सगळे सुटले, मावशी. सासूबाई सुटल्या. तुमचा शब्द राहिला." तिने तो हात बाजूला केला. "मी तुम्हाला एवढंच सांगितलं होतं की मला हे मूल नकोय."

यामनाने हात मागे घेतला आणि चपला पायात सरकवल्या. आतून मीमूनाने सुनेला हाक मारली, आता तू जड उचलायचं नाहीस म्हणून, आणि रहमा आत गेली.