दादाचे समुद्रातले घुमट

शुक्रवारी सकाळी बहरीनमधल्या सित्राच्या धक्क्यावरून दादा आणि मी होडीने निघालो. देवगडहून मी त्याच्याकडे आले, त्याने मला किल्ला दाखवला, बाजार हिंडवला. आज मात्र त्याचं माझ्याकडे काम होतं.

दादा तिथे बांधकामावर सेंटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचे साचे बांधायचं काम, करतो. भराव आणि जाळ्यांनी उजाड झालेल्या समुद्रतळाशी मासे परतावेत म्हणून काही हौशी पाणबुडे काँक्रीटचे, भोकाभोकांचे घुमट खाली सोडतात. त्यांचे साचे दादाने सुट्टीच्या दिवशी करून दिले. पहिले घुमट वाळूत गडप झाले. मग त्याने बूड रुंद केलं. हे नवे टिकले का, ते आज बघायचं होतं. पण कानाच्या दुखण्यामुळे दादाला पाणी वर्ज्य.

“बावीत (विहिरीत) उडये मारी होतंस मां? मगे तूच बघ!” त्याने मला फर्मावलं.

होडी अबू यूसुफ यांची. जन्म समुद्रावर गेलेले बहरीनी कोळी, आमच्याशी हिंदीत बोलत. “पहले इधर हामूर बहुत था,” ते म्हणाले. हामूर म्हणजे आपलं हेकरू, तो जाड ओठांचा मासा. “फिर मफी (काहीच नाही).”

सित्राची धुरांडी मागे पडली. पाणी आधी पोपटी, मग निळं झालं. खुणेच्या तरंगत्या डब्यापाशी त्यांनी नांगर टाकला. मी ऐटीत उडी मारली आणि पाण्यात घालायच्या चष्म्याचा पट्टा सैल असल्यामुळे नाकातोंडात पाणी गेलं. काय खारट ते! आपला समुद्र त्यापुढे अळणी.

“शुवै शुवै (हळूहळू)!” अबू यूसुफ हसत ओरडले.

पट्टा आवळून पुन्हा डोकं खाली घातलं. दोन पुरुष खोल पाण्यात घुमट ताठ उभे होते. अंगावर हिरवी लव, कडांना शिंपले, आणि आजूबाजूला चिमुकल्या माशांची नुसती झुंबड. एका भोकातून जाड ओठांचं, ठिपक्याठिपक्यांचं एक तोंड माझ्याकडे रागाने बघत होतं.

मी वर आले. दादा होडीच्या काठावर ओणवा झाला होता.

“काय दिसता गो?”

“हेकरू! तुझ्या घुमटात राहायला आलंय. मला बघून चिडलं!”

दादा हसायला लागला. मग डोळे पुसून म्हणाला, “परत जा. आणखी कोण कोण आसा ता बघून ये.” त्याने मला दात वाजेपर्यंत पुन्हापुन्हा पाण्यात पाठवलं. अबू यूसुफनी डब्यातला मच्छबूस (मासे घातलेला मसालेभात) पुढे केला, तेव्हा कुठे सुटका झाली.

परतताना किनाऱ्यावरचे उंच मनोरे दिसू लागले. त्यातल्या कितीतरी मजल्यांना दादाचे हात लागलेत. बांधून झाल्यावर तिथे कोण राहायला आलं, ते त्याला कधी कळलं नाही.

आता मी घरी आले आहे. दादाचा दर शुक्रवारी फोन येतो. आधी पाणबुड्यांकडून कळलेली हेकराची खबर सांगतो, मग स्वतःची.