बिनगावाच्या देवीची ओटी

कंबोडियाला जायचं माझ्या डोक्यात नव्हतंच. ऐरोलीच्या ऑफिसात साचलेली रजा एकदाची मंजूर झाली होती आणि आईला घेऊन कुठंतरी थंड हवेत गप्प पडून राहायचं, एवढाच माझा बेत होता. मोबाईलवर तिला टूरचे फोटो दाखवत होते. डोंगर, बर्फ, तलाव, सगळ्यांवर तिने नाक मुरडलं. मग एक फोटो आला. जंगलात एक दगडी दार, आणि त्याच्या डोक्यावर बसलेलं भलंमोठं झाड, मुळं दोन्ही बाजूंनी खाली सोडून. आईने फोन माझ्या हातातून काढूनच घेतला.

“ह्यो कंचा गाव?”

“गाव नाही, शहर होतं. फार जुनं. जंगलाने गिळलं.”

“आन् मानसा कय गेली?”

“नक्की कुणालाच माहीत नाही.”

“आन् देवी?”

मी तिच्या हातातल्या फोनवर वाकून फोटोखालची माहिती वाचली, त्यात देवीचं काही नव्हतं. तिने फोन परत दिला आणि म्हणाली, “मना तठंच जावाचा हाय.” आईने ठरवलं की ठरलं. हा स्वभाव माझ्यातही उतरलाय, त्यामुळे आमच्या घरात वाद फार वेळ चालत नाहीत. दोघींपैकी एकीचं डोकं आधी फिरतं आणि दुसरी चहा टाकते.

ती देवीचंच का विचारत होती, ते मला कळत होतं. आमचं गाव नव्या विमानतळाखाली गेलं. ज्या खाचरांत आई भात लावायची तिथून आता विमानं उडतात आणि करंजाडेच्या आमच्या गॅलरीतून त्यांची पोटं दिसतात. ते रडगाणं मी इथं लावत नाही. मला सांगायचंय ते गावदेवीचं. गाव उठलं तेव्हा नवं देऊळ बांधून व्हायचं होतं, आणि तोवर देवी कुठं ठेवायची यावर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. देवी म्हणजे कळशीएवढा पाषाण, वर शेंदराचा जाड थर. माझ्या वडिलांनी तिला टेम्पोत मांडीवर घेतलं आणि सरळ आमच्या भाड्याच्या खोलीत आणलं. फ्रीजशेजारी पाट मांडून आईने तिला बसवली. देऊळ होईपर्यंत रोज तिची पूजा, रोज तिला नैवेद्य. मासळी केली की आई तिच्यापुढे पडदा ओढायची, आणि जेवणं झाली की “झाला गो बाय” म्हणून उघडायची.

देऊळ पुरं व्हायच्या आत वडील गेले. देवी देवळात बसली त्या दिवशी आई नवा हिरवा खण, तांदूळ, नारळ घेऊन ओटी भरायला उभी राहिली, तर चुलतकाकूने तिचा दंड धरला. “वयनी, सवाष्नींना आधी जाव दे.” त्या ‘आधी’नंतर काही येत नसतं, हे तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. मी भांडायला उठले होते. आईनेच डोळ्यांनी मला बसवलं आणि स्वतः भिंतीकडेला जाऊन उभी राहिली, जिथं बाकीच्या विधवा उभ्या होत्या. खण घरी परत आला. त्यानंतर प्रत्येक जत्रेला आईची जागा ती भिंतच. मला अजून आठवलं तरी संताप येतो.

तो खण तिने बॅगेत घातलाय, हे मला मुंबईच्या विमानतळावर कळलं, कारण खणासोबत शेंडीचा नारळही निघाला. काउंटरवरच्या मुलीने तो बाहेर काढून ठेवायला सांगितला. आई तिच्याशी दोन मिनिटं अशी भांडली की मागची रांग ऐकत राहिली. मग नारळ तिथंच राहिला आणि आई विमानात खिडकीकडे तोंड करून बसली.

“कुणाची ओटी भरणारेस तिकडे?” मी विचारलं.

“जिचा गाव गेला तिची. तिना कोनी भरली नसंल.”

जंगलात हवा इतकी दमट होती की चष्मा पुसून पुसून मी वैतागले. ग्रुपमधले लोक मुळांशी उभे राहून फोटो काढत होते. भिंती फोडून झाडं वर गेलेली, आणि त्याच झाडांनी भिंती धरूनही ठेवलेल्या. तिथला गाईड सांगत होता, की लोक का गेले यावर पुष्कळ तर्क आहेत: दुष्काळ, लढाया, पाणी आटलं. मी आईला मराठीत सांगत होते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “उगाच कोनी गाव सोरीत नाय.”

दारातच एक शहाळेवाली बसली होती. आईने एक शहाळं घेतलं, सोलू दिलं नाही, पिशवीत टाकलं. ओटीत शहाळं मी जन्मात पाहिलं नव्हतं. “चालंल,” ती म्हणाली, “तिनाबी तान लागली असंल.”

आतला चौक उंचावर होता आणि पायऱ्या अंगावर येणाऱ्या. गाईड म्हणाला, आजींनी खाली बसावं. आईचे गुडघे गेलेत, हे खरं. दोन जिने चढली तरी रात्री मलम लागतं. मी भाषांतर केलं नाही, पण तिला हातवारे कळले. तिने चपला काढून माझ्या हातात दिल्या, पदर खोचला आणि दोन्ही हात वरच्या पायरीवर टेकून चढायला लागली. मधे एकदा बसली. मी म्हटलं, राहू दे. तिने माझ्याकडे एक नजर टाकली आणि वरच्या पायरीवर पुन्हा हात टेकले.

वर एक मूर्ती होती. डोकं नव्हतं, हात नव्हते, अंगाला पिवळं कापड गुंडाळलेलं. समोर उदबत्त्या, आणि बाजूला चटईवर एक म्हातारी बाई बसलेली. पांढरे कपडे, कपाळ मोकळं, डोक्याचा गोटा. आई जागच्या जागी थांबली.

“बग गो,” ती हळूच म्हणाली. “विधवा बाय हाय. आन् देवाजवल बसलेय.”

गाईड तेवढ्यात मला सांगत होता, की उतारवयात घर सोडून देवळाशी राहणाऱ्या अशा बाया इकडे असतात, ते व्रत असतं, नवऱ्याचा त्याच्याशी संबंध नसतो. मूर्ती देवीची की कुणा राणीची, हेही नक्की नाही म्हणाला. हे सगळं आईला सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं.

आई त्या बाईसमोर बसली. खण उलगडला, त्यात तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि ते हिरवंगार शहाळं ठेवलं. बाईने खणाच्या काठावरून बोट फिरवलं आणि खुणेनंच म्हणाली, घाल. आईने ओंजळीने मूर्तीची ओटी भरली. तांदूळ दगडावर सांडत होते. भरून झाल्यावर ती हुंदके देऊन रडली, आणि मीही. बाईने तिचं मनगट धरलं, त्यावर लाल दोरा बांधला, काहीतरी पुटपुटली. वडील गेल्यापासून आईच्या त्या हातात काही नव्हतं.

घरी आल्यावर तो दोरा तिने काढला नाही. जत्रेच्या दिवशी तिने नवा खण आणला, या वेळी नारळ शेंडीचा, आणि मला न विचारता ओटीच्या रांगेत जाऊन उभी राहिली. चुलतकाकूने पुन्हा दंड धरला.

“वयनी, सवाष्नी...”

“हात सोर,” आई म्हणाली. “देवी माझ्या घरान ऱ्हायलेय. मी तिना न्हाव घातलाय. आन् तिकडं त विधवा बाय देवाची पूजा करतं, मी माझ्या डोल्यांनी बगितलाय.”

काकूने माझ्याकडे पाहिलं. सगळ्या बायांनी पाहिलं. शिकलेली, ऑफिसात जाणारी, परदेशात जाऊन आलेली, म्हणजे मी खरं सांगणार.

“हो,” मी म्हटलं. “मीही पाहिलंय.”

याबद्दल मी अजिबात ओशाळलेली नाही. काकूचा हात सुटला. आई पुढे गेली आणि देवीची ओटी भरली, सावकाश, एकही दाणा न सांडता.

ती वळली तेव्हा भिंतीकडेची एक म्हातारी पुढे आली होती. तिने रिकामा पदर आईपुढे धरला. “मनापन दे गो थोरं तांदूल,” ती म्हणाली. “मनापन भराची हाय.”