परवानगीआक्का

परवानगीआक्का स्वतःच्या खोलीत शिरतानाही उंबऱ्यावर थांबून "येऊ?" असं विचारायची. खोली तिची, कुलूप तिचं, आत मी एकटा, तोही तिच्याच खुर्चीत. मी साहेबी थाटात "या" म्हणायचो. मग ती आत यायची आणि मला खुर्चीवरून उठवायची.

रामनगरात पिठाच्या गिरणीच्या माडीवर आमचं बस्तान होतं. खाली गिरणी सुरू झाली की वर कीबोर्डवर तांदळाच्या पिठाचा थर बसे. आक्का नंदिगड्ड्याकडच्या भातशेतीवाल्या घरातली, बेळगावात कंपन्यांचे सर्व्हर सांभाळून निवृत्त झालेली. मी शाळेत संगणक शिकवणारा मास्तर, म्हणजे मुख्यतः त्यावर कापड झाकायला शिकवणारा. साप चावल्यावरचं औषध तालुक्यातल्या कुठल्या दवाखान्यात शिल्लक आहे ते फोनवर दिसावं, असा प्रोग्राम आम्ही दोघं बांधत होतो. अणशीच्या रानातून माणसाला भलत्याच दवाखान्यात नेलं, तर परत फिरायला वेळ उरत नाही. त्यामुळे मृगाच्या आत तो चालू होणं भाग होतं. आणि त्याच सुमारास आक्का मुलीकडे पुण्याला कायमची जाणार होती.

प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं सामान एका डब्यात बांधायचं, म्हणजे डबा कुठल्याही मशीनवर उघडला तरी आत तेच निघतं. याला कंटेनर इमेज म्हणतात. डबा मीही बांधत असे, पण फायलींवर ७७७ ठोकून. म्हणजे कुणीही या, वाचा, लिहा, कटकट मिटली. आक्कानं तो आकडा पाहिला आणि चष्मा काढला.

"मास्तर, ही चारी बाजूंनी उघडी पडवी हाय. हितं गवा शिरला तर तू काय त्याला चहा देणार?"

"मग रूटनं चालवू?" रूट म्हणजे मशीनवरचा सर्वाधिकारी.

"आमच्या गावात बुधवंत हाय. गावचा मानकरी. देवाच्या कामाला आधी त्यालाच बोलवतात. म्हणून काय रोजचं सारवण त्याच्याकडनं करून घेतो व्हय? सामान बसवायला रूट. बसवून झालं की त्याला निरोप द्यायचा, आन् खाली साध्या माणसाचं नाव लिवायचं."

डबा बांधायच्या सूचना मशीन वरून खाली पाळत जातं. मी उत्साहाच्या भरात साध्या माणसाची ती ओळ सगळ्यात वर लिहिली. मग त्या बिचाऱ्याला काहीच बसवता येईना. "बुधवंत यायच्या आधीच हाकललास की त्याला," आक्का म्हणाली, आणि दोन दिवस मला "बुधवंताचा वैरी" अशी हाक मारत राहिली.

शेवटच्या आठवड्यात तिनं जाहीर केलं, "आता डबा तू एकटा बांध. मी न्हाई हात लावायची." आणि ती नातवासाठी टोपडं विणत बसली. मी डबा बांधला, सर्व्हरवर चढवला. दवाखान्यांची यादी दिसली. पण औषधाचा नवा आकडा लिहायला गेलो की उत्तर यायचं, परवानगी नाही. साठ्याच्या नोंदी डब्याबाहेर, सर्व्हरवरच्या एका फोल्डरमध्ये होत्या. त्या फोल्डरचा मालक म्हणून सर्व्हरवर नाव लावलेलं गावकर, डब्यातल्या माझ्या साध्या माणसाचं नावही गावकर. नावं अक्षरन् अक्षर सारखी. तीन दिवस मी डबा सोडत होतो आणि बांधत होतो. टोपडं कानांपर्यंत आलं.

चौथ्या दिवशी मी शरण गेलो. "आक्का, घर गावकराचं, आत चाललाय गावकर, तरी दारात अडवतात."

"आमच्या वाडीत गावकर किती?"

"अख्खी वाडीच गावकर."

"मग पोस्टमन काय बघतो?"

"घर नंबर," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता थांबलो.

"सुचलं वाटतं," आक्का सुईवरची नजर न काढता म्हणाली.

मशीन नाव बघतच नाही. नाव आपल्या समाधानासाठी, ते बघतं नंबर. डब्यातला माझा गावकर १००० नंबरचा, बाहेरचा १००१. मी डब्यातल्या गावकराला बाहेरच्याचा नंबर दिला आणि डबा पुन्हा बांधला. अणशीच्या दवाखान्याचा आकडा निमूटपणे लिहिला गेला. मृगाला अजून चार दिवस होते.

जायच्या दिवशी आक्का पिशवी घेऊनच वर आली. "येऊ?" "या." आत येऊन म्हणाली, "आता सर्व्हरवरनं माझं नाव काढ."

"राहू दे की आक्का. कधी अडलो तर?"

"अडलास तर फोन कर. ज्याचं हितं काम न्हाई त्याच्याकडं किल्ली कशाला?"

मी नाव काढलं. तिचा विश्वास कुठला बसायला. तिनं स्वतःचा लॅपटॉप उघडून आत शिरायचा प्रयत्न केला. मशीननं तिला परवानगी नाकारली. एवढी खूश झालेली आक्का मी कधी पाहिली नव्हती. "ब्येस," ती म्हणाली. लॅपटॉपवरचं पीठ पदरानं पुसलं, पिशवी उचलली आणि उंबऱ्यावर जाऊन मागे वळली.

"येऊ?"

आमच्याकडे निघतानाही हेच विचारतात. लोंढ्याच्या स्टेशनावर तिची गाडी होती. पण परवानगी मिळाल्याशिवाय ही बाई उंबरा ओलांडणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून खाली कुणाचं तरी अख्खं दळण होईपर्यंत मी गप्प बसलो. ती तशीच उभी राहिली.

गिरणी थांबल्यावर मी म्हणालो, "या."