बुधवारचा पिक्चर

गिरण्यांचा संप चालू होता त्या साली आमच्या दिघ्यात एकच बातमी गाजत होती. शेवंतावहिनीला तिचा नवरा दर बुधवारी ठाण्याला पिक्चरला नेतो!

नळावरच्या बायकांना ही बातमी मिरचीसारखी झोंबली. विमलबाई हंडा आपटून म्हणायची, "आमचे मालक मला रॉकेलच्या लायनीपलीकडं नेत नाय." गिरजाबाईचा सूर वेगळा. "पाचवा लागलाय हिला. आधीच्या दोन खेपा सातव्यात गेल्या, दोन्ही लेकरं मेलेली झाली, आन् ही बया नटून चालली शिनेमाला!"

सगळ्यात जास्त जळत होते मी. का ते सांगते. नळाला पाणी येईपर्यंत रांग ताटकळत उभी असायची, आणि त्या रांगेची करमणूक म्हणजे मी. खाणीचा मुकादम, रेशनवाला, घोरणारे विमलबाईचे मालक, सगळ्यांचे आवाज मी काढायचे. पण बुधवारी संध्याकाळी शेवंतावहिनी येऊन पिक्चरची स्टोरी सांगायला लागली आणि माझी रांग तिकडे वळली. मी इकडे मुकादमासारखी खाकरून खाकरून घसा सोलून घेतला, पण कुणी मान फिरवेना.

वाईट म्हणजे ती सांगायचीही झकास. तिच्या पिक्चरमधली दुष्ट सासू हिरोईनला विषाची सुई टोचायची. टोचताना म्हणायची, "हलायचं नाय हं. लांब श्वास घे. झालं, झालं!" बायका "अगं बया!" करून तोंडाला पदर लावायच्या. दुसऱ्या बुधवारी पिक्चर दुसरा, पण सासूचा आवाज तोच.

"वहिनी, याही पिक्चरला तीच सासू?"

"फेमस हाय ती." वहिनी कंबर धरून उभी होती. धोंड्यावर बस म्हटलं तरी बसेना. म्हणे पिक्चर बघून अंग धरलंय.

तिसऱ्या बुधवारी माझ्या पायात खिळा घुसला. धनुर्वाताची सुई द्यायला आई मला ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. ती केसपेपरच्या रांगेत लागली आणि मी बाकावर बसले. तेवढ्यात पडद्यामागून आवाज आला, "हलायचं नाय हं. लांब श्वास घे. झालं, झालं!"

सासू!

पडदा सरकवून एक जाडजूड सिस्टर बाहेर आली. तिच्यामागून कंबर चोळत शेवंतावहिनी. आणि तिच्यामागून तस्सेच कंबर चोळत गंगारामभाऊ, तिचे मालक.

पिक्चर खोटा निघाला म्हणून मला आधी आनंदच झाला. पण वहिनीने मला बाजूला ओढलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "सुमेधा, आमा दोघांना गरमी हाय. सिफिलिस म्हन्तात ते."

गंगारामभाऊ चपलेकडे बघत राहिले.

"लग्नाआधी हे ट्रकवर क्लीनर होते. तवा बाहेरच्या बाईकडनं नाजूक जागी जखम झाली. दुखंना, खाजंना. रस्त्यावरच्या तंबूतल्या वैद्याची पुडी खाल्ली, जखम गेली. पुढं तळहातावर चट्टे उठले, तेपन गेले. हे खूश, वैद्य खूश. पन ती जखम आपली आपनच जाती, पुडी खा नायतर माती खा! रोग रक्तात दबा धरून बसतो. ह्यांच्यातनं माझ्यात आला, माझ्यातनं लेकरांत. या खेपेला पोटुशी म्हनून माझं रक्त तपासलं, तवा कळलं. डॉक्टरीणबाई म्हनली, जखम होती तवाच आले असते तर एका सुईत भागलं असतं. आता तीन. पन लेकरू वाचू शकतं."

"मग पिक्चर कशाला सांगता?"

"तोंड होतं का खरं सांगायला? पन आज सांगनार. विमलच्या मालकाच्या हातावर तसेच चट्टे हायत. त्याच तंबूतली पुडी चालू हाय, आन् विमल म्हन्ते, गुन येतोय."

"वहिनी, नळावर कुणी जवळ उभं करणार नाही तुम्हाला. जळणं तर सोडाच."

"जास्तच जळतील. लाव पैज!"

"लावली. हरले तर बाळ होईस्तोवर तुमचं पाणी मी भरते."

"आन् मी हरले तर स्टोरी बंद. रांग तुझी."

"कशाला गं चव्हाट्यावर..." भाऊ पुटपुटले.

"तुमचं नाव नाय घेत. माझंच घेते."

भाऊंनी चपलेवरची नजर उचलली. मग म्हणाले, "घे. माझंपन घे."

संध्याकाळी तिने सगळं सांगितलं. सिस्टरच्या आवाजात, वैद्याच्या आवाजात, शेवटी स्वतःच्या. गिरजाबाईने आपला हंडा वहिनीच्या हंड्यापासून लांब सरकवला. जिंकले! मी मुकादमासाठी घसा साफ केला.

तेवढ्यात विमलबाईने विचारलं, "भाऊंनीपन टोचून घेतलं?"

"मग! एकटीनं टोचून काय उपेग? नवऱ्याकडनं परत लागतंच."

"तुझ्यासंगं आले? सगळ्यांसमोर बाकावर बसले?"

"बसले कुठं! बसवतच नव्हतं त्यांना."

रांग फिसकन हसली. विमलबाई हसली नाही. तिने हंडाही आपटला नाही. नुसतं म्हणाली, "नशीब काढलंस बाई." पिक्चरवर जळताना तिचा असा आवाज कधी निघाला नव्हता. तो काढून बघायचा मी किती प्रयत्न केला, अजून जमत नाही. मागून दुसरी कुणी म्हणाली, "आमचा आला असता का?" गिरजाबाईचा हंडा हळूच परत जागेवर आला.

पुढच्या बुधवारी विमलबाई ठेवणीतली साडी नेसून बस स्टॉपवर उभी. तिचे मालक लांब, तोंड पाडून, हात खिशात लपवून, पण उभे.

"बघा, आता हिलापन पिक्चर!" गिरजाबाई करवादली.

माझ्या डोक्यावर वहिनीचा हंडा होता. तो रोज वाहिला, थेट बाळ होईपर्यंत.

मुलगी झाली. पुऱ्या दिवसांची. पैज फिटली म्हणून मी त्या संध्याकाळी रांगेत मोकळी उभी राहून जोरात मुकादम काढला. तेवढ्यात वहिनीच्या खोलीतून कार्टी अशी बोंबलली की सगळ्या रांगेने माना तिकडे वळवल्या.