मुलीला घरची भाषा येते का?

इंग्लंडात, लीड्समधल्या घानाच्या बायका डोर्कास अम्पोन्साच्या नशिबावर जळायच्या, ते तिच्या मुलीपायी. त्यांची पोरं चर्चमध्ये "हाय" करून पळत. डोर्कासची मेलोडी मात्र प्रत्येक म्हाताऱ्यापुढे वाकून त्वी भाषेत नमस्कार करी आणि ताट देताना चुकूनही डावा हात पुढे करत नसे. "वाढवली इथे, पण वळण आपल्या गावचं, कुमासीचं," असं डोर्कास इतक्यांदा म्हणाली होती, की तिचं तिलाच ते खरं वाटू लागलं होतं. खरं तर पोरीला चार नमस्कार आणि एक प्रार्थना पाठ होती. पुढे सगळा आनंद. दोन वर्षांची असताना इथे आलेली मेलोडी आता अकराची झाली होती, आणि दमूनभागून आलेली आईसुद्धा तिच्यावर इंग्रजीतच ओरडायची.

व्हिसा कधीच संपला होता. इथे राहू द्या म्हणून केलेला अर्ज सरकारने फेटाळला, आता अपील होतं. वकीलबाई मिस हॅडली म्हणाल्या, "मुलगी नऊ वर्षं इथे आहे. तिला परत पाठवणं बरोबर नाही, एवढं न्यायाधीशांना पटलं की तिच्यासोबत तुम्हीही राहाल. ती तिकडची उरलेलीच नाही, हे सांगा."

"म्हणजे मी तिला वळणच लावलं नाही, असं सांगू?"

"जे खरं आहे ते सांगा."

डोर्कासच्या डोक्याचा पार भुगा झाला. पोरगी बिघडली असेल तर राहा, नीट वाढवली असेल तर चालते व्हा? हा कुठला न्याय? हे कुणाला विचारावं तेही तिला कळेना.

सुनावणीला चर्चमधले मानाचे वडीलधारे, एल्डर क्वार्टेंग, टाय बांधून, आधार म्हणून आले आणि तिच्या मागेच बसले. मेलोडी बाहेरच्या बाकावर होती.

"मुलीला घरची भाषा येते का?" सरकारी वकिलाने मऊपणे विचारलं.

'नाही' अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात मागे एल्डर खाकरले.

"येते तर!" डोर्कास म्हणाली. "छान येते."

मिस हॅडली सावरायला उठल्या. "म्हणजे थोडीफार?"

"थोडीफार कशाला? हे एल्डर बसलेत, विचारा त्यांना!"

एल्डरनी अभिमानाने मान डोलावली. मिस हॅडली खाली बसल्या.

निकाल नंतर कळणार होता. मिस हॅडलींसोबत सगळे बाहेर आल्यावर एल्डर खुशीत येऊन मेलोडीला त्वीत म्हणाले, "आईने आज आपली मान उंच केली गं. घरी गेल्यावर काय रांधून घालशील तिला?"

मेलोडी उठली, वाकली आणि तिने नमस्कार म्हटला. एल्डरनी सावकाश पुन्हा विचारलं. तिने तोच नमस्कार आणखी वाकून म्हटला. मग आईला इंग्रजीत म्हणाली, "मम्मी, काय म्हणतायत ते?"

एल्डरांचा चेहराच पडला. डोर्कासने पोरीचा दंड धरला आणि ती बंद दाराकडे धावली. "मिस हॅडली, हिला आत न्या! न्यायाधीशांसमोर विचारा! हिला काही येत नाही हो, एक अक्षर येत नाही!"

"आत दुसऱ्यांचं अपील सुरू झालंय," मिस हॅडली म्हणाल्या. "मी लिहून कळवते. पण तुम्ही स्वतःच्या तोंडाने सांगितलंय."

मेलोडीला रडू फुटलं. "येतं मला, मम्मी," ती हुंदके देत म्हणाली. "खरंच येतं." आणि हात जोडून, डोळे मिटून, तिने एकही चूक न करता ती त्वीतली प्रार्थना म्हणायला सुरुवात केली.