उजवं पुढचं चाक

छोट्या गाड्या करणाऱ्यांच्या घरात एक गोष्ट ठरलेली असते. जमिनीवर पडलेला बारीक भाग शोधायला गेलं की सापडत नाही. आठवड्याने भलत्याच खोलीत, भलत्याच माणसाच्या पायाला टोचतो. या मंडळींच्या किश्श्यांचंही तसंच आहे. आठवायला बसलं की एक आठवत नाही. कुकरच्या शिट्या मोजताना मात्र तीन आठवतात आणि शिट्या मोजायच्या राहतात. म्हटलं, टोचतील तेवढे एका डबीत भरून ठेवावेत.

मंडळी फार नाहीत, मुळात चारच. दर रविवारी सकाळी वाशीला गायकवाडांच्या लॅबमध्ये जमायची. गायकवाड दातांच्या कवळ्या आणि कॅप बनवतात. रविवारी काम बंद, त्यामुळे टेबलावरचे दिवे, भिंगं, बारीक कोरण्या सगळं मोकळं. दुसरे नाडकर्णीकाका, वय बहात्तर, जन्मभर सर्व्हेअर होते. चुकीचं माप दिसलं की त्यांना जेवण जात नाही. तिसरे शिरवण्याचे भोईरदादा, त्यांचं तुर्भ्याला डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज. चौथा सुहास, माझा नवरा.

हे लोक जुन्या मोटारींच्या वीतभर प्रतिकृती करतात. खऱ्या गाडीचा बरोब्बर चोविसावा भाग. बॉडी काय, कोणीही रंगवतं. यांचा जीव चाकांत आणि चकचकीत पट्ट्यांत: बंपर, खिडक्यांच्या कडा, चाकांवरच्या टोप्या.

सुहासला जाऊन चौदा महिने झाले. त्याची शेवटची गाडी तीन चाकांवर राहिली, चौथ्याच्या जागी काड्यापेटी. ती गाडी आणि त्याचं सामान या लोकांना देऊन मोकळं व्हावं म्हणून मी पहिल्यांदा त्या लॅबची पायरी चढले.

*

नाडकर्णीकाकांनी दार उघडलं. खुर्ची दिली, पाणी दिलं. मग काकांनी हलक्या आवाजात विचारलं, “वहिनी, तुम्हाला बीपी आहे का?”

अशा दिवसांत लोक तब्येतीची चौकशी करतातच. मी म्हटलं, नाही, तसं काही नाही.

त्यांचा चेहरा पडला. “थायरॉइड?”

तेही नव्हतं.

“शुगर? बॉर्डरवर तरी?”

मी मान हलवली. काका गायकवाडांकडे वळून म्हणाले, “काही उपयोग नाही रे.”

*

यात माणुसकीचा अभाव नव्हता, हे मला नंतर कळलं. क्रोमची चमक रंगाने येत नाही. या मंडळींनी फार पूर्वी शोध लावला होता की त्यासाठी गोळ्यांच्या पट्टीमागचा चंदेरी कागद सगळ्यात सरस. गोळ्या प्लास्टिकच्या बाजूने ब्लेडने काढायच्या, पट्टी हेअर ड्रायरने शेकायची, कागद अलगद सोलायचा, छापील बाजू खाली ठेवून गाडीवर चिकटवायचा आणि टूथपिकने घासत बसायचं. प्रत्येक औषधाच्या कागदाचा गुण वेगळा. शुगरचा जाड, तो बंपरला. थायरॉइडचा मऊ, तो खिडक्यांच्या कडांना. बीपीचा लांब पट्ट्यांना.

त्यामुळे हे गाडीबद्दल बोलतात आणि ऐकणाऱ्याच्या छातीत धडधडतं. गायकवाड एकदा अंगात लॅबचा पांढरा कोट घालून लिफ्टमध्ये फोनवर सांगत होते, “मागच्याला शुगर केली, पण पुढच्याला पुरत नाही. कोलेस्टेरॉल लावून टाकू का?”

लिफ्टमधल्या दोघी बायका आपला मजला यायच्या आधीच उतरल्या.

*

काकांनी तर स्वतःच्या सोसायटीच्या बोर्डावर नोटीस लावली होती. रिकाम्या पट्ट्या सहाशे दोनमध्ये आणून द्याव्यात. लोकांनी कौतुकाने दिल्या. पिशवीभर पट्ट्या, आणि सगळ्या भोकं पडलेल्या. गोळी काढताना माणूस ती ढकलूनच काढणार! काकांनी दुसरी नोटीस लावली: “गोळ्या ढकलू नयेत. पट्टीचा चेहरा खराब होतो.”

सेक्रेटरी घरी आले. म्हणाले, “काका, कळ आल्यावर माणसाने चेहरा कोणाचा सांभाळायचा, तेवढं एकदा लिहून द्या.”

*

भोईरदादांचा प्रश्न उलटा. ते आठवडाभर खऱ्या गाड्या रंगवतात आणि रविवारी छोट्या, त्यामुळे कधी कधी वार चुकतो. एका गिऱ्हाइकाची गाडी रंगून तयार झाली. त्याला दारावर तिळाएवढा फुगा दिसला. तो कुरकुर करायला लागला. दादांनी भिंग काढलं, डोळा लावला, नीट पाहिलं आणि त्याची समजूत घातली, “शेठ, ह्याचा चोविसावा भाग केला तं काय बी दिसनार नाय.”

“भोईर,” तो म्हणाला, “माझी गाडी अख्खी आहे.”

*

जुन्या गाड्यांच्या टायरला पांढरं वळं असतं. ते हाताने काढायला गेलं की थरथर दिसते. सुहासने माझ्या शिलाई मशीनवर डोळा ठेवला. बॉबिन भरायची जी दांडी असते, तिच्यावर चाक बसवायचं, मी पाय मारायचे, त्याने नुसता ब्रश टेकवून धरायचा. चाक फिरतं, वळं आपोआप उमटतं. आमच्या लग्नाच्या सव्वीस वर्षांत आम्ही दोघांनी मिळून केलेलं हे एकमेव काम, ज्यात त्याने मला सूचना दिल्या आणि मी ऐकल्या. “घाट आला, हळू.” “आता सरळ रस्ता आहे, जाऊ दे.”

एकदा मध्येच फोन वाजला. मी फोनकडे बघितलं आणि सवयीने पाय जोरात गेला. पांढरा रंग त्याच्या चष्म्यावर, मिशीवर, भुवयांवर. ऑइल पेंट. पुसलं तेवढं गेलं, राहिलं तेवढं घेऊन तो संध्याकाळी सोसायटीच्या मीटिंगला गेला. कोणीतरी म्हणालं, “सुहासराव, आठ दिवसांत एकदम पिकलात?”

“बायको फार वेगात चालवते,” तो म्हणाला.

*

मग त्याला हृदयाचा त्रास निघाला आणि दिवसातून दोनदा एक गोळी सुरू झाली. मी काळजीत. हा पट्टी उन्हात धरून हरखलेला. “रंग बघ हिचा! ही नवी चांदी नाही, वापरातली चांदी आहे. चाकांच्या टोप्यांना हिच्यासारखं काही नाही.”

नेरूळला आमच्या बिल्डिंगखाली पाटकरांचं मेडिकलचं दुकान आहे. सुहास तिथे गाडीच्या चाकांचं सांगत पट्टी हातात घ्यायचा, ट्यूबलाइटखाली आडवी धरायचा, तिरकी करायचा. नापास झालेल्या पट्ट्या काउंटरवर परत. मागे रांग वाढत जायची. पाटकरांनी एकदा मला थांबवून सांगितलं, “मॅडम, लोक एक्सपायरी बघतात. साहेब सुरकुत्या बघतात.”

घरी एका स्टीलच्या वाटीत मला सुट्या गोळ्या सापडल्या तेव्हा मी खरंच भडकले. मला वाटलं, तो औषध घेतच नाही. तो शांतपणे उठला, वाटीतली एक गोळी माझ्यासमोर पाण्याबरोबर गिळली आणि जीभ दाखवली. “गोळी मला, कागद गाडीला. आमची वाटणी झालेली आहे.”

त्यानंतर मी सात खणांची डबी आणली. तिच्यात त्याने स्क्रू ठेवले.

*

आता त्या शेवटच्या गाडीचं. मागे उंच पंख असलेली, लांबलचक, जुनी अमेरिकन गाडी. चाकांच्या टोप्यांवर बारा-बारा तिरकी पाती. सुहासने चारही चाकं केली, बसवली आणि रविवारी लॅबमध्ये नेली. नाडकर्णीकाकांनी एकदा या बाजूने पाहिलं, एकदा त्या बाजूने. मग म्हणाले, “चारही डावी आहेत.”

पाती कुठल्या बाजूला कलतात, त्यावर चाक डावं की उजवं ते ठरतं. सुहासने साचा एकच केला होता. त्यामुळे डावीकडून गाडी पुढे पळत होती आणि उजवीकडून मागे.

“मग चांगलंच आहे,” सुहास म्हणाला. “या बाजूच्याला वाटेल निघाली, त्या बाजूच्याला वाटेल परत आली.”

काका हसले नाहीत. जेवण जाईना त्यांना. सुहासने उजवीकडची दोन्ही चाकं काढली. मागचं नव्याने करून बसवलं. पुढचं करायचं होतं.

मी त्याच्या सामानाची पेटी घेऊन लॅबमध्ये गेले त्या दिवशी काकांनी काड्यापेटीवर टेकलेली ती गाडी बराच वेळ पाहिली. म्हणाले, “मी एक रविवार गप्प बसलो असतो तर त्याची गाडी उभी राहिली असती.”

गायकवाड काही तरी शोधायला आत गेले. भोईरदादांनी तेवढ्यात पंखा पुसायला घेतला. मी म्हटलं, “काका, चारही डावी ठेवली असती तर त्यालाच झोप लागली नसती.” हे खरं होतं की नाही, मला माहीत नाही.

*

गाडी मात्र त्यांनी ठेवून घेतली नाही. यांच्यात गाडी ‘झाली’ म्हणत नाहीत, ‘उभी राहिली’ म्हणतात. उभी न राहिलेली गाडी कपाटात जात नाही. आणि शेवटचं चाक करणाऱ्याने बसवायचं नाही, त्याच्या घरातल्या दुसऱ्या हाताने बसवायचं. कारण हा छंद घराने सोसलेला असतो. काकूंनी नाडकर्णीकाकांच्या अकरा गाड्या अशा उभ्या केल्यात, त्यातल्या दहा शिव्या देत. भोईरदादांची आई हळदकुंकू लावते.

“आता वयनी, हे चाक तुमीच करनार,” दादा म्हणाले. “आमी फक्त बसून चुका काढनार.”

अशी मी चौथ्या खुर्चीवर बसायला लागले.

*

टायरचं वळं जमलं. मशीनवर पाय माझाच होता. ब्रश गायकवाडांनी धरला. टोपी ओतायचं कामही त्यांनीच घेतलं. दाढेची कॅप ओततात तशीच, त्याच भट्टीत, उजव्या बाजूच्या चाकाच्या साच्यातून. ओतून, घासून त्यांनी ती छोट्या डबीत ठेवली. लॅबमध्ये सगळ्या डब्या सारख्याच.

मंगळवारी त्यांना एका दंतवैद्यांचा फोन आला. पेशंट खुर्चीवर तोंड उघडून बसलाय, कॅप बसवायला घेतली, आणि…

“गायकवाड, या दाढेला बारा पाती आहेत.”

इकडे मी घरी भिंगाखाली एक सुंदर दाढ धरून पाती शोधत होते. गायकवाड दोन्ही डब्यांची अदलाबदल करायला स्कूटरवरून धावले. आल्यावर घाम पुसत म्हणाले, “ताई, डॉक्टर विचारत होते, ही बसवली तर चावताना फिरेल का?”

*

राहिला कागद. तीन चाकांवर सुहासच्या गोळीचा कागद होता, वापरातली चांदी. त्याच्या पेटीत तो शिल्लक नव्हता. घरात असण्याचा प्रश्नच नव्हता. तो गेला त्या आठवड्यात मी औषधाचा प्रत्येक कपटा पिशवीत भरून टाकून दिला होता.

आम्ही शुगर लावून पाहिली. भडक दिसली. थायरॉइड फिकट. काकांनी स्वतःच्या बीपीची नवीकोरी पट्टी सोलली. चाक चौघांतलं नवखं दिसायला लागलं, लग्नात भलत्याच पक्षात जाऊन बसलेल्या माणसासारखं. भोईरदादा म्हणाले की थोडा धूर दिला तर जुनं वाटेल. दिला. जळकं वाटलं. तीन रविवार असेच गेले. काका जेवत नाहीत, असा काकूंचा फोन आला.

शेवटी मी कपाटातली फाइल काढली. तिच्यात सुहासच्या गोळीची, डॉक्टरांनी लिहून दिलेली जुनी चिठ्ठी होती. ती घेऊन खाली पाटकरांकडे गेले. चौदा महिन्यांत मी त्या दुकानाची पायरी चढले नव्हते. डोकेदुखीची गोळीसुद्धा पलीकडच्या सेक्टरमधून आणत होते.

पाटकरांनी ओळखीचं हसून चिठ्ठी घेतली. तारखेवर बोट ठेवलं. “मॅडम, ही फार जुनी झाली. यावर देता येणार नाही. साहेबांना एकदा परत डॉक्टरांकडे दाखवून घ्या ना.”

मागे दोन-तीन माणसं उभी होती. मी काउंटरच्या काचेकडे बघत म्हटलं, “त्यांच्यासाठी नाही. ते गेले. त्यांचं एक चाक राहिलंय.”

पाटकरांनी चिठ्ठी घडी करून माझ्याकडे परत दिली. मग आत गेले आणि एक्सपायरी झालेल्या मालाचा खोका घेऊन आले. त्यातून त्याच गोळीच्या चार-पाच पट्ट्या काढल्या. मागचा माणूस म्हणाला, जरा लवकर करा. पाटकरांनी त्याला हाताने थांबवलं.

त्यांनी पहिली पट्टी ट्यूबलाइटखाली आडवी धरली, तिरकी केली आणि बाजूला ठेवली. दुसरीही बाजूला ठेवली. तिसरी बराच वेळ फिरवून पाहिली, प्लास्टिकच्या बाजूने ब्लेडने एकेक गोळी काढून घेतली आणि मोकळी पट्टी दोन्ही हातांनी माझ्यापुढे केली.

“ही न्या,” ते म्हणाले. “हिला सुरकुती नाही.”