अर्धा मणका जादा

मायाक्का बोलताना हसत नाही. विनोद करतानाही हसत नाही, त्यामुळे तिनं विनोद केला होता हे लोकांना घरी गेल्यावर कळतं.

तिचं माहेर मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडच्या एका वाडीत. घरची मेंढरं, थोडी माळाची जमीन. लग्न झालं, मूल होईना, म्हणून नवऱ्यानं दुसरी बायको केली. मायाक्कानं भांडण केलं नाही. आंदण म्हणून आलेल्या दोन शेळ्या सोडून घेतल्या आणि माहेरी चालत आली. नवऱ्याचं काय, असं कुणी विचारलं तर ती सांगायची, "त्याला तितंच ठिवला. शेळ्या कामाच्या हुत्या."

भाऊ बिरप्पा आणि भावजय बनाबाई वर्षातले बरेच महिने मेंढरांमागं फिरतीवर असायचे. त्यांना मुलगी झाली, ऋतुजा. बाळाला तेल लावायचं काम आत्याकडं आलं. पाठीवरून अंगठा खाली सरकवला की तो मध्येच डावीकडं वळायचा. मायाक्कानं पुन्हा करून बघितलं. पुन्हा वळला. तिनं बाळाला कुंचीत गुंडाळलं आणि आपल्या म्हाताऱ्या आईला म्हणाली, "पोरीचा कणा वाकडा हाय."

म्हातारीनं लगेच कारण सांगितलं. ग्रहणात बनाबाई बाहेर फिरली होती. बनाबाई चुलीतली लाकडं मागंपुढं करत राहिली.

शेजारच्या गावात महिपती नावाचा हाड बसवणारा होता. त्यानं पाठ चाचपली आणि बांबूच्या पट्ट्या बांधायचं ठरवलं.

"कवळं हाड हाय, सरळ हुईल," तो म्हणाला.

"आन् न्हाय झालं तर?" मायाक्कानं विचारलं.

"मग देवाची मर्जी."

"म्हंजे सरळ झालं तर तुमी, आन् न्हाय झालं तर देव."

महिपतीनं पट्ट्या उचलून ठेवल्या. मायाक्का बनाबाईला आणि बाळाला घेऊन सोलापूरच्या एसटीत बसली.

सोलापुरातल्या हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. "मणके विटांसारखे एकावर एक असतात," ते म्हणाले. "हिच्या पाठीत एका बाजूला अर्धीच वीट जास्तीची बसलीय, पाचरीसारखी. आईच्या पोटात पहिल्या काही आठवड्यांतच असं होतं. ह्यात कुणाची चूक नसते."

बनाबाईनं त्या दिवशी पहिल्यांदा मान वर केली.

"हे आमच्या आईला फोनवर सांगता का?" मायाक्का म्हणाली.

डॉक्टर भले होते. त्यांनी सांगितलं, ग्रहणाचा काही संबंध नाही म्हणून. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तवा तुमी हितं हुता काय?"

कण्यात असा जन्मदोष असला की हृदय आणि मूत्रपिंडंही तपासतात. सोनोग्राफीत ऋतुजाला एकच किडनी असल्याचं दिसलं. एका किडनीवरही माणूस धडपणे जगतो, हे डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मायाक्का म्हणाली, "हिकडं अर्धं जादा दिलं, तिकडं एक कमी. वाटणाऱ्याचं ध्यान नव्हतं."

घाईनं काही करायचं नव्हतं. काही मुलांत बाक तसाच राहतो, काहींत वाढतो. दर काही महिन्यांनी एक्स-रे काढून बघायचं, एवढाच उपाय होता. पट्ट्या बांधून ही पाचर जाणार नव्हती. बिरप्पाची फिरती चालू होती आणि वाडीवरून येणं-जाणं जमण्यासारखं नव्हतं. मग मुलीचं अंगावरचं दूध सुटल्यावर मायाक्का तिला घेऊन सोलापूरजवळ कुंभारीला राहायला आली. टॉवेलच्या कारखान्यात काठ शिवायचं काम मिळालं. विड्या वळणाऱ्या गौरम्मानं मागची खोली भाड्यानं दिली आणि दिवसा पोरीला सांभाळायचंही कबूल केलं. गौरम्मा तेलुगूत बोलायची, मायाक्का मराठीत. ऋतुजा दोघींना दोन्ही भाषांत उलट उत्तरं द्यायला शिकली.

पोर वाढली तसा बाकही वाढला. एक खांदा वर गेला, फ्रॉक एका अंगाला लोंबायला लागला. मायाक्का फ्रॉकची एक बाजू उसवून पुन्हा शिवायची, म्हणजे खालचा घेर सरळ दिसायचा. एवढं तिच्या हातात होतं, तेवढं ती करायची.

ऋतुजा बालवाडीत असताना डॉक्टरांनी सांगितलं, की आता थांबण्यात फायदा नाही. बाक असाच वाढू दिला तर पुढं छाती दबेल, श्वासाला त्रास होईल. ती अर्धी वीट काढून वरखालचे मणके स्क्रू आणि सळ्यांनी जोडायचे. धोका आहे का, असं मायाक्कानं विचारलं. "आहे," डॉक्टर म्हणाले. "कमी आहे, पण आहे. पायांच्या नसा तिथूनच जातात."

सही आई-बापाची लागणार होती. फोनवर बिरप्पा "न्हाय" म्हणाला आणि त्यानं फोन बंद करून टाकला.

मायाक्का अकलूजला गेली. तिकडं ऊस तोडलेल्या रानात खतासाठी मेंढरं बसवलेली असतात. विचारत विचारत तिनं भावाचा तळ शोधला. बिरप्पा एका कोकराच्या पायातला काटा काढत होता.

"वाकडी का हुईना, चालतीया न्हवं?" तो मान वर न करता म्हणाला. "पाय गेलं तर मी काय करू?"

"उचलून घेशील. मीबी घीन."

"आन् तू मेल्यावर?"

मायाक्का बांधावर बसली. म्हणाली, "भ्या मलाबी वाटतंय, बिरू. पर जिना चढताना तिला दम लागतुया. ती मला सांगत न्हाय. पायरीवर बसती आन् म्हणती, आत्ती, हितनं रस्ता लई चांगला दिसतुय."

बिरप्पानं काटा काढला, कोकरू सोडलं. बनाबाई पालाच्या तोंडाशी उभी राहून ऐकत होती. ती आत गेली आणि पिशवी भरायला लागली. मेंढरं चुलतभावावर सोपवून तिघं दुसऱ्या दिवशी सोलापूरला निघाले. दवाखान्याच्या दारात रखवालदारानं बिरप्पाची काठी बाहेर ठेवायला लावली. काठीवाचून बिरप्पाला हात कुठं ठेवावेत ते कळेना. शेवटी त्यानं ते मागं बांधले आणि तसाच दिवसभर उभा राहिला.

ऑपरेशन संपायला दुपार उलटली. नसांवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रानं सगळं ठीक दाखवलं होतं. तरी पूर्ण जाग आल्यावर बोटं हलताना बघायची असतात. डॉक्टरांनी ऋतुजाच्या पायाशी उभं राहून सांगितलं, "बाळ, बोटं हलव बघू."

बोटं हलली नाहीत.

नर्सनं सांगून बघितलं. मग बनाबाईनं. पाय ठेवले होते तसेच. बिरप्पानं भिंतीला टेकून डोळे मिटले. मायाक्का वाकली. पोरीचे डोळे उघडे होते आणि त्यांत राग होता. ऑपरेशनसाठी तिला सकाळपासून पाणीसुद्धा दिलेलं नव्हतं, आणि तिनं मागितलेलं बिस्कीट डॉक्टरांनीच नाकारलं होतं.

मायाक्का सरळ उभी राहिली. शेळीला दोरी धरून ओढलं की ती मागं रेटते, हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

"हलवू नगंस," ती कडक आवाजात म्हणाली. "खबरदार बोटं हलवलीस तर. डाक्टरनी नगं म्हणून सांगितलंय."

चादरीखाली दहाच्या दहा बोटं हलली. मग दोन्ही पाय हलले. मग डॉक्टरांना पाय हलवायची मनाई करावी लागली.

बिरप्पा बाहेर गेला तो बराच वेळ आला नाही. आल्यावर म्हणाला, पाणी पीत होतो. त्याचा शर्ट गळ्याशी भिजलेला होता, म्हणून सगळ्यांनी ते मान्य केलं.

पुढचे काही महिने ऋतुजा प्लॅस्टिकचं जाकीट घालून वावरली. सोलापूरचा उन्हाळा आणि आत घाम. ती रोज जाकिटाला नवीन शिवी द्यायची, बहुतेक तेलुगूत. गौरम्मा म्हणायची, हे मी शिकवलेलं नाही. पाठ अगदी सुतासारखी सरळ झाली नाही. एक खांदा अजून किंचित वर आहे, आणि वाढ पूर्ण होईपर्यंत तपासणी सुटणार नाही. पण जिन्यावर आता ती मायाक्काच्या पुढं पळते आणि वर पोचून आत्ती किती म्हातारी झालीय ते मोठ्यांदा सांगते.

ती बरी झाल्यावर बिरप्पा आणि बनाबाई तिला न्यायला आले होते. मायाक्कानं तिचे कपडे घडी करून पिशवीत भरले होते. ऋतुजा म्हणाली, शाळा हितं हाय. बिरप्पानं बनाबाईकडं बघितलं. बनाबाईनं पिशवीतले कपडे एकेक करून पुन्हा खुंटीला टांगले. तेव्हापासून सुट्टीत पोर मेंढरांकडं जाते आणि शाळा उघडली की परत येते.

यंदाच्या तपासणीला बिरप्पाही आला होता. दवाखान्यातल्या बाकड्यावर शेजारी एक तरुण बाई पाठ वाकलेलं तान्हं बाळ घेऊन बसली होती. ती ऋतुजाकडं कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिनं मायाक्काला विचारलं, "मावशी, ही तुमची लेक का?"

मायाक्कानं भावाकडं बघितलं. बिरप्पा वरच्या पंख्याकडं बघत होता.

"व्हय," मायाक्का म्हणाली आणि बाळाला घ्यायला हात पुढं केले.